करारपत्रावर सही करण्यापूर्वी

व्यवसाय-विचार

ज्या घरांत पणजोबांचा स्थलांतर-क्रमांक आजही पोथ्यापुराणांबरोबर जपून ठेवलेला आहे, त्या घरांत 'करार' हा शब्द नुसता व्यवहारातला शब्द राहिलेला नाही. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाच्या जहाजातून ३६ मजूर मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरले. करार पाच वर्षांचा आणि वेतन दरमहा पाच रुपये, एवढेच त्यांना सांगण्यात आले होते. पुढे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही बंदरांतून माणसे येत राहिली. मराठी कुटुंबे आली ती मुंबईच्या वाटेने. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख माणसांनी त्या बेटावर पाय ठेवला, आणि ज्या घाटावर त्यांची नावनिशी लिहून घेतली जात असे तो आप्रवासी घाट २००६ सालापासून जागतिक वारसा म्हणून गणला जातो. यांपैकी बहुतेकांनी ज्या कागदावर अंगठा उठविला, तो कागद त्यांना स्वतःला वाचता येत नव्हता. वाचून दाखविणाऱ्याने जे सांगितले, तेच त्यांच्या लेखी कराराचे कलम होते.

त्यांची चौथी-पाचवी पिढी आज सुशिक्षित आहे. तिच्यातील काही मुले अमेरिकेत स्थायिक झाली असून, ज्या व्यवसायांची नावेही त्यांच्या आजे-पणजांनी ऐकली नव्हती अशा व्यवसायांत ती शिरत आहेत. त्यांच्या पुढ्यातही करारपत्रे येतातच. तेव्हा, वाचता येणाऱ्या माणसाने करारपत्र कसे वाचावे, हा प्रश्न आपल्या समाजात मुळीच जुना झालेला नाही. त्याचा विचार एका अगदी नव्या धंद्याच्या उदाहरणाने करता येईल.

असा एक तरुण डोळ्यांपुढे आणावा, की ज्याचे आईवडील मॉरिशसहून येऊन फ्लोरिडात स्थायिक झाले आहेत. लहानपणापासून त्याला विमानाचे वेड. वडिलांनी घर गहाण ठेवून त्याला वैमानिकाचे शिक्षण दिले. अमेरिकेत व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी सामान्यतः २५० तासांचे उड्डाण लागते; सरकारमान्य अभ्यासक्रम चालविणाऱ्या शाळेत १९० तासांवर काम भागते. तो परवाना त्याने मिळविला. ढगांतून केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालविण्याची पात्रताही मिळविली. परंतु एवढ्याने प्रवासी विमानात बसता येत नाही. १२ फेब्रुवारी २००९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराजवळ एक प्रवासी विमान कोसळून ५० माणसे दगावली. त्या दुर्घटनेनंतर मृतांच्या आप्तांनी नेटाने पाठपुरावा केला, २०१० साली अमेरिकी काँग्रेसने कायदा केला, आणि २०१३ पासून विमान कंपनीच्या सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १५०० तासांचा अनुभव असल्याखेरीज कामावर घेता येत नाही. ठरावीक पदवी अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांस व लष्करी वैमानिकांस यात काही सवलत आहे. पण ती प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

म्हणजे २५० पासून १५०० पर्यंत सुमारे साडेबाराशे तासांची दरी नवशिक्या वैमानिकापुढे पसरलेली असते. पदरचे पैसे खर्चून ती ओलांडणे सामान्य घरातील मुलाला अशक्य. म्हणून पुष्कळसे तरुण उड्डाणशिक्षकाची परीक्षा देतात आणि दुसऱ्यास शिकविता शिकविता स्वतःचे तास जमवितात. शिक्षकाचे आसन उजव्या हाताला असते. डाव्या हाताला शिष्य. विद्यार्थ्याने पहिले एकट्याचे उड्डाण केले म्हणजे शिक्षकाने त्याच्या सदऱ्याचा मागचा सोगा कात्रीने कापून ठेवावा, अशी तिकडे एक गमतीची प्रथा आहे. जुन्या काळी विमानात शिष्य पुढे आणि गुरू मागे बसत असे, आणि इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नसल्याने गुरू शिष्याचा सदरा मागून ओढून सूचना देई, असे त्या प्रथेचे कारण सांगतात. सोगा कापला, म्हणजे आता ओढायला कोणी मागे नाही. विद्यादानाचे असे हे प्रसन्न काम आहे. पण त्या कामाचा पहिला कागद हातात येतो तेव्हा प्रसन्नतेइतकीच सावधगिरीही हवी.

आपल्या तरुणाच्या हाती असाच एक कागद आला. एका लहान विमानतळावरील शाळेने त्याला पहिले काम देऊ केले. त्यात लिहिले होते, की तो शाळेचा नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार राहील. उड्डाणाच्या तासाला ३० डॉलर मिळतील. त्यातून कर कापला जाणार नाही. विमाने शाळेची, विद्यार्थी शाळेचे, त्यांच्याकडून घ्यावयाचा दर शाळेचा. आठवड्यातील पाच दिवस सकाळी नऊ ते सायंकाळी पाच त्याने हजर राहावे, शाळेच्या नावाचा सदरा घालावा, आणि करार चालू असेपर्यंत आसपासच्या दुसऱ्या कोणत्याही विमानतळावर शिकवू नये.

घरात आनंदीआनंद झाला. आईने देवापुढे साखर ठेवली. वडिलांनी कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब मांडला. तरुणाने कागद वाचून त्याचा अर्थ आजोबांना मराठीत सांगितला. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले,

"बाळा, पाऊस आला आणि विमान उडाले नाही, तर त्या दिवसाचे पैसे कोण देणार?"

"कोणी नाही, आजोबा. इंजिन चालेल तेवढेच तास मोजायचे."

"मग त्या दिवशी तू घरी राहिलास तर चालेल का?"

"तसे नाही चालणार. नऊ वाजता हजर राहावेच लागेल."

आजोबा पुढे काही बोलले नाहीत. त्यांच्या मौनाचा अर्थ मॉरिशसच्या जुन्या मंडळींना सांगण्याची गरज नाही. उसाच्या मळ्यावर 'दुहेरी कपात' नावाची एक रीत होती. मजूर एक दिवस गैरहजर राहिला, की त्याचे दोन दिवसांचे वेतन कापले जाई. ताप असो, पायात काटा मोडलेला असो, दोष सर्वस्वी त्याचाच. मळ्यात पीक चांगले आले तर नफा मालकाचा. मजूर अंथरुणाला खिळला तर तोटा मजुराचा. आजोबांच्या आजोबांनी हे सोसले होते, आणि म्हणून त्यांचा प्रश्न मिळणाऱ्या पैशांविषयी नव्हता. वाईट दिवस कोणाच्या खात्यावर मांडला जातो, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. फ्लोरिडात तर उन्हाळ्याच्या दिवसांत दुपार कलली की गडगडाटी ढग बहुधा ठरलेलेच.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. स्वतंत्र कंत्राटदार असणे ही काही वाईट गोष्ट नव्हे. सुतार, वकील, वैद्य हे आपापल्या परीने स्वतंत्रच असतात. ते आपला दर सांगतात, आपली वेळ ठरवितात, एकाचे काम सोडून दुसऱ्याचे धरतात, चार गिऱ्हाइके राखतात. वाईट दिवसाचा तोटा त्यांच्या अंगावर पडतो हे खरे. पण चांगल्या दिवसाचा नफाही त्यांचाच असतो. अनुभवी उड्डाणशिक्षकांपैकीही कित्येक जण अशा रीतीने सुखाने व्यवसाय करतात. अडचण उद्भवते ती स्वातंत्र्याचे नाव एकाला आणि स्वातंत्र्याचा उपभोग दुसऱ्याला, अशी वाटणी होते तेव्हा.

अमेरिकेच्या कायद्याने हा भेद फार पूर्वीच ओळखला आहे. किमान वेतनाचा आणि कामाच्या तासांचा संघराज्याचा कायदा १९३८ साली झाला. तो नोकरांना लागू होतो. स्वतंत्र व्यावसायिकांना नाही. साहजिकच काही मालकांनी कामगारांचे नावच बदलून टाकले. १९४७ साली असा एक वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मांस-प्रक्रियेच्या एका कारखान्यात हाडे वेगळी करणाऱ्या कारागिरांशी स्वतंत्र कंत्राट असल्याचे दाखविण्यात आले होते. त्यांना मजुरी वजनावर मिळे आणि सुऱ्या-आकडे ते स्वतःचे आणीत. न्यायालयाने कागदापलीकडे पाहिले. हे लोक कारखान्याच्या आवारात, कारखान्याच्या साधनांवर, कारखान्याच्याच उत्पादनसाखळीतील एक कडी म्हणून काम करतात. सबब ते नोकरच होत, असा निर्णय झाला. सुरी स्वतःची असली म्हणून कोणी कारखानदार होत नाही. तद्वत् कानांवर लावायचा हेडसेट स्वतःचा आणला म्हणून कोणी उड्डाणशाळेचा समव्यावसायिक ठरत नाही.

कर खात्याची दृष्टीही याच जातीची आहे. ते तीन अंगांनी विचार करते: काम कसे करावे यावर हुकूम कोणाचा चालतो, पैशाच्या बाबी, म्हणजे खर्च, साधने, नफा आणि तोटा, कोणाच्या हाती आहेत, आणि उभयतांचे नाते एकंदरीत कोणत्या स्वरूपाचे आहे. कॅलिफोर्निया राज्याने तर याहून कडक पाऊल उचलले. २०१८ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि १ जानेवारी २०२० पासून तेथील कायद्याने असे ठरविले, की काही अपवाद वगळता कोणासही स्वतंत्र म्हणावयाचे तर मालकाने तीन गोष्टी सिद्ध केल्या पाहिजेत. तो माणूस मालकाच्या नियंत्रणाबाहेर आहे. त्याचे काम मालकाच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचे आहे. आणि त्याचा स्वतःचा असा प्रस्थापित व्यवसाय आहे. शाळेने शिक्षकाविषयी यातील दुसरी गोष्ट सिद्ध करणे किती बिकट आहे, हे सांगावयास नको. शाळेचा धंदाच मुळी शिकविण्याचा. फ्लोरिडात ही त्रिसूत्री लागू नाही. परंतु संघराज्याचा कायदा आणि कर खात्याची कसोटी तेथेही आहेच.

ही कसोटी आपल्या तरुणाच्या कागदाला लावून पाहावी. वेळ कोण ठरवितो? शाळा. विद्यार्थ्याकडून दर कोण ठरवितो आणि पैसे कोण घेतो? शाळा. विमान कोणाचे? शाळेचे. दुसरीकडे शिकविता येते काय? नाही. अंगावर सदरा कोणाचा? शाळेचा. विमान उडाले नाही तर तोटा कोणाचा? येथे मात्र एकाएकी उत्तर बदलते: शिक्षकाचा. जेथे जेथे अधिकाराचा प्रश्न आहे तेथे तेथे तो नोकर आहे, आणि जेथे जोखमीचा प्रश्न आहे तेवढ्यापुरता तो स्वतंत्र. कागदाच्या शिरोभागी काहीही लिहिलेले असो, त्याचा आशय हा आहे.

आता पैशाचा हिशेब. तरुण माणसाला ३० हा आकडा मोठा दिसतो, कारण त्यातून काही कापले जात नाही. पण जे कापले जात नाही ते माफ झालेले नसते. ते भरण्याचे काम त्याच्याकडे आलेले असते, इतकेच. वार्धक्य-वेतन आणि वृद्धांचे औषधपाणी यांसाठी संघराज्य जो कर घेते, त्यात नोकराच्या वेतनातून ७.६५ टक्के जातात आणि तेवढेच मालक आपल्या खिशातून घालतो. स्वतंत्र व्यावसायिकाने दोन्ही बाजू स्वतःच भरावयाच्या, म्हणजे १५.३ टक्के. हा आकडा निव्वळ मिळकतीच्या ९२.३५ टक्क्यांवर धरतात. आयकर याखेरीज वेगळा. फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही हे सुदैव, संघराज्याचा आहे.

उदाहरणादाखल दोन शाळा कल्पाव्यात. पहिली वरीलप्रमाणे उड्डाणाच्या तासाला ३० डॉलर देते आणि बाकी काही नाही. दुसरी नोकर म्हणून ठेवून उड्डाणाच्या तासाला २५ डॉलर आणि जमिनीवरील तासाला १० डॉलर देते. महिन्यात १६० तास हजेरी आणि त्यांपैकी ८० तास उड्डाण, असे दोन्हीकडे धरावे. पहिल्या शाळेत २४०० डॉलर हाती येतात, वर सांगितलेला कर सुमारे ३३९ डॉलर, उरले २०६१. दुसऱ्या शाळेत २००० आणि ८०० मिळून २८००, कपात सुमारे २१४, उरले २५८६. ज्या कागदावर मोठा आकडा होता, तेथे महिन्याकाठी सव्वापाचशे डॉलर कमी पडले. पावसाळी महिन्यात उड्डाण निम्म्यावर आले, तर पहिल्या शाळेत हाती उरतात १०३० डॉलर, आणि घराच्या हप्त्याला पावसाचे कारण सांगून चालत नाही. स्वतंत्र व्यावसायिकाला धंद्याचा खर्च मिळकतीतून वजा करता येतो, हे त्याच्या बाजूने मांडले पाहिजे. पण नवख्या शिक्षकाचा खर्च तो किती? हेडसेट, नकाशे, पुस्तके आणि विमा. शिवाय कामावर इजा झाली तर नोकराला मिळणारी भरपाई, आणि काम सुटले तर मिळणारा बेकारभत्ता, या दोन्ही गोष्टींना सामान्यतः तो मुकतो.

तथापि पैशाहून मोठी अशा दोन बाबी राहतात, आणि कागद वाचताना नेमक्या त्याच नजरेतून निसटतात.

पहिली बाब विम्याची. शिकाऊ हाताकडून विमान धावपट्टीवर आदळणे ही नवलाची घटना नव्हे. शाळेने विमा उतरविलेला असतो. तरुणाला वाटते, आपल्याला काय चिंता? पण तो विमा शाळेचा असतो. विमा कंपनी शाळेचे नुकसान भरून देते आणि मग, शिक्षकाचे नाव विम्याच्या कागदात नसेल तर, तीच रक्कम शिक्षकाकडून वसूल करावयास निघू शकते. 'शाळेचा विमा आहे' हे वाक्य आणि 'शाळेच्या विम्यात शिक्षकालाही संरक्षण आहे' हे वाक्य, या दोहोंत एका कुटुंबाच्या घराएवढे अंतर आहे. यावर उपाय आहेत. विमापत्रात शिक्षकाचे नाव घालून घ्यावे. विमा कंपनी शिक्षकाकडून वसुली करणार नाही असे तिच्याकडून लिहून घ्यावे. आणि दुसऱ्याच्या मालकीची विमाने चालविणाऱ्यांसाठी जो विमा मिळतो तो शिक्षकाने स्वतः उतरवावा. तोंडी आश्वासन येथे कवडीच्या मोलाचे.

दुसरी बाब याहून गंभीर आहे. ज्याची भाकरी इंजिनाच्या फिरण्यावर अवलंबून आहे, त्याने आकाशाकडे निर्विकार दृष्टीने कसे पाहावे? पश्चिमेकडे ढग दाटून येत आहेत, महिन्याचे तास भरलेले नाहीत, विद्यार्थी तयार होऊन आला आहे, कचेरीतून विचारणा होत आहे. अशा वेळी 'आज जायचे नाही' असे म्हणणे म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचे वेतन कापणे. अमेरिकेच्या हवाई नियमांनी शिक्षकाला कोणत्याही २४ तासांत आठ तासांहून अधिक उड्डाण-शिक्षण देण्यास मनाई केली आहे, आणि विमानाच्या सुरक्षिततेविषयी अंतिम अधिकार विमानाच्या प्रमुख वैमानिकाला दिला आहे. पण नियमपुस्तकातला अधिकार आणि पोटाची निकड यांचा रोज सामना व्हावा, अशी व्यवस्था चांगली नव्हे. शेजारच्या आसनावर कोणाचा तरी मुलगा किंवा मुलगी बसलेली असते, आणि आपला शिक्षक 'नाही' म्हणावयास मोकळा आहे या विश्वासावर ती बसलेली असते. आजोबांनी पावसाविषयी विचारले होते. ते विमानविद्या शिकलेले नव्हते. पण प्रश्न त्यांनी नेमका विचारला होता.

जुन्या आठवणींशी ही तुलना करताना तोल मात्र सुटू देऊ नये. मळा सोडून गेलेल्या मजुराला पकडून तुरुंगात घालीत. करार पुरा केलेल्या माणसालाही १८६७ च्या कायद्याने छायाचित्र लावलेला परवाना अंगावर बाळगावा लागे आणि तो जवळ नसला तर शिक्षा होई. आजचा उड्डाणशिक्षक उद्या सकाळी काम सोडू शकतो. त्याला कोणी पकडून आणणार नाही. त्याच्या स्थितीला गिरमिट म्हणणे हा पूर्वजांच्या दुःखाचा अपमान होईल. शाळेकडेही सरसकट दुष्टपणाने पाहू नये. लहान शाळेचे उत्पन्न बेताचे, विद्यार्थ्यांची ये-जा अनियमित, विमानाची देखभाल महाग. कित्येक चालक केवळ शेजारची शाळा करते म्हणून तसेच कागद वापरतात.

परंतु त्या काळापासून एक धडा निश्चित घेता येतो. १८७१ साली ॲडॉल्फ द प्लेव्हित्झ या सहृदय गृहस्थाच्या साहाय्याने ९४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. आपल्याशी काय ठरले होते आणि प्रत्यक्षात काय घडते, हे त्यांनी लेखी मांडले. त्याची परिणती १८७२ च्या शाही आयोगात झाली, आणि १८७५ साली आयोगाचा अहवाल बाहेर आला. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनीही दुसऱ्याकडून लिहवून घेऊन विचारले. मग ज्यांना वाचता येते त्यांनी विचारण्यास का संकोचावे?

तरीही तरुणापुढचा पेच खरा होता. घर गहाण आहे. तास जमविल्याशिवाय पुढची वाट नाही. पहिले काम सहजासहजी मिळत नाही. 'कागद सदोष आहे, म्हणून नको' हा सल्ला देणे सोपे, आणि घरी बसून तास वाढत नाहीत हेही तितकेच खरे. म्हणून त्याने सरळ नकार दिला नाही आणि सरळ सहीही केली नाही. त्याने शाळेला एक सौजन्यपूर्ण पत्र लिहिले. त्यात दोन मार्ग सुचविले. शाळेला त्याच्या वेळेवर हुकूम चालवावयाचा असेल तर तिने त्याला रीतसर नोकर म्हणून नेमावे. स्वतंत्रच ठेवावयाचे असेल तर हजेरीचे आणि अन्यत्र न शिकविण्याचे अशी दोन्ही कलमे गाळावीत, आणि विद्यार्थ्याची वेळ व शिकवणीचा दर ठरविण्याची मुभा त्याला द्यावी. यांपैकी कोणताही मार्ग ठरो, विमापत्रात त्याचे नाव असावे आणि हवामानाविषयी त्याचा निर्णय अंतिम मानला जावा. या दोन गोष्टी मान्य नसतील, तर त्याला काम स्वीकारता येणार नाही.

शेवटच्या वाक्याने वडील अस्वस्थ झाले. पाच-सहा दिवस उत्तर आले नाही, तेव्हा घरात त्या विषयावर कोणी बोलेना. मग उत्तर आले. नोकर म्हणून ठेवणे परवडणार नाही, असे चालकाने कळविले होते. परंतु हजेरीचे आणि अन्यत्र न शिकविण्याचे अशी दोन्ही कलमे त्याने खोडली होती. वेळ शिक्षकाने विद्यार्थ्याशी ठरवावी, शिकवणीचा दर शिक्षकाने सांगावा आणि शाळेने केवळ विमानाचे भाडे घ्यावे, हे त्याने मान्य केले. विमापत्रात नाव घालण्याचे आणि हवामानाचे कलम त्याने जसेच्या तसे ठेवले. नाव पूर्वीचेच राहिले, पण आता त्या नावाला थोडाफार अर्थ आला होता. सदऱ्याविषयी दोघांनीही काही लिहिले नाही.

अशा प्रकारे काम पत्करणाऱ्याने पुढची शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी. प्रत्येक देयकातील तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकावा आणि तो आपला नाही असे समजावे. कर वर्षअखेर एकदम भरावयाचा नसतो. सामान्यतः १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारी या चार तारखांना अंदाजाने हप्ते भरावे लागतात, आणि चुकल्यास दंड होतो. खर्चाची पावती न् पावती जपावी. शिष्यांच्या वहीत दिलेल्या मंजुऱ्यांची नोंद नियमाप्रमाणे तीन वर्षे ठेवावीच लागते; तिच्याच शेजारी कोणत्या दिवशी किती तास थांबावे लागले आणि कोणाच्या सांगण्यावरून, याचीही नोंद ठेवावी. पुढे प्रत्यक्षात नोकराप्रमाणेच राबविले जात आहे असे दिसून आले, तर कर खात्याकडे 'एसएस-८' नावाचा अर्ज करून आपण नोकर की स्वतंत्र याचा निर्णय मागता येतो. त्याला शुल्क नाही, पण वेळ लागतो. आणि अशा वेळी नोंदवहीच साक्षीदार होते. जो विद्यार्थी-व्हिसावर अमेरिकेत आहे, त्याने मात्र या सगळ्याच्या आधी, आपणास असे काम करण्याची परवानगी आहे काय, याची अधिकृत खातरजमा करून घ्यावी. तेथे झालेली चूक नुसत्या पैशाने भरून निघत नाही.

सही करण्याच्या आदल्या संध्याकाळी तरुणाने सुधारलेला कागद पुन्हा आजोबांपुढे ठेवला. या वेळी त्याने सारांश सांगितला नाही. पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत एकेक वाक्य वाचून त्याने त्याचा मराठीत अर्थ केला. दोन ठिकाणी आजोबांनी त्याला थांबवून पुन्हा वाचावयास लावले. पावसाचे कलम आले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, "हे त्यांनी लिहून दिले आहे ना? नुसते बोलले नाहीत ना?"

"लिहून दिले आहे, आजोबा. खाली त्यांची सहीही आहे."

"मग दे इकडे," असे म्हणून त्यांनी कागद हाती घेतला. त्यावरची अक्षरे त्यांना इंग्रजीत वाचता येत नव्हती. तरी त्यांनी बराच वेळ तो निरखून पाहिला, आणि मग नातवाच्या हाती लेखणी दिली.